पाठमोरी कप्तान

‘चीअरलीडर’ हा शब्द आपल्या घरांतून अद्याप रुळलेला नाही, आणि जेथे रुळला तेथे काहीशा चमत्कारिक अर्थानेच रुळला. २००८ साली इंडियन प्रीमियर लीगचे क्रिकेटचे सामने सुरू झाले. चेंडू सीमेपार गेला की कडेच्या चौथऱ्यावर नाचणाऱ्या परदेशी तरुणी घरोघरच्या दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या. आजीने मान फिरविली, आजोबांनी उगाच चष्मा पुसला, आणि आईने मुलांना अभ्यासास पिटाळले. तेव्हापासून चीअरलीडर म्हणजे तोकड्या पोशाखातील नाच, असे समीकरण आपल्या मनात बसले असल्यास त्यात नवल नाही. परंतु भोपाळात एका मुलीच्या निमित्ताने या विषयाची दुसरी बाजू मला जवळून पाहावयास मिळाली. ज्यांची मुले शाळेतील कोणत्या ना कोणत्या पथकाची पुढारी आहेत, मग ते लेझीमचे असो, बँडचे असो की संचलनाचे, अशा आईबापांपुढे ती मांडावी असे कित्येक दिवस मनात होते.

प्रथम या प्रकाराची जन्मकथा थोडक्यात सांगतो. २ नोव्हेंबर १८९८ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना होता. (अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात तो बहुतांशी हातांनीच खेळतात, तो भाग निराळा.) विद्यापीठाचा संघ त्या हंगामात हरत चालला होता. जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी पुढे होऊन प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने साऱ्यांकडून एका सुरात आरोळी देवविली. हाच या कलेचा आरंभ मानतात. पुढे सुमारे पंचवीस वर्षे हे काम निव्वळ पुरुषांचे होते, हे ऐकून आपल्या आजोबांस धक्का बसेल! त्याच विद्यापीठात १९२३ साली मुलींचा प्रवेश झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात गेले तेव्हा ही जागा बहुतांशी मुलींची झाली. १९४८ साली टेक्सासमध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी पहिले प्रशिक्षण शिबिर भरविले, त्यास ५२ मुली आणि अवघा १ मुलगा हजर होता. आज त्यात कसरत आली आहे, मनोरे आले आहेत, आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यताही दिली आहे.

आता भोपाळकडे वळू. आपल्याकडील मंडळींना भोपाळ म्हटले की तलाव आठवतो, नाहीतर १९८४ सालची ती विषारी वायूची रात्र. पण भोपाळची माणसे स्वतःच्या शहराविषयी बोलू लागली की पहिल्या दहा वाक्यांत हॉकी येणारच. येथील गल्लीबोळांतून हॉकीचे नामांकित खेळाडू निघाले. १९७५ साली क्वालालंपूरच्या विश्वचषकात, मलेशियाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात भारत मागे पडला असता बदली म्हणून उतरून बरोबरीचा गोल करणारा अस्लम शेर खान हा भोपाळचाच. ऐशबागच्या मैदानावर जमणारा प्रेक्षक हा नुसता बघ्या नसतो, तो जाणकार असतो, आणि जाणकार असल्यामुळे मोठा तोंडाळही असतो. शहराच्या दुसऱ्या अंगास, १९५६ साली स्थापन झालेल्या विजेच्या अवजड यंत्रसामग्रीच्या सरकारी कारखान्याभोवती, पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वसाहती वसल्या आहेत. तेथे देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे एका भिंतीला भिंत लावून राहतात. बैतूल, मुलताई, पांढुर्णा या सरहद्दीकडून आलेली मराठी बोलणारी कुटुंबेही त्यांत पुष्कळ आहेत.

अशाच एका कुटुंबातील मुलगी आमच्या पथकाची कप्तान होती. तिचे नाव येथे देत नाही, कारण तिला ते आवडणार नाही. वडील फिटर, मूळ गाव मुलताईच्या बाजूचे. शाळेत ती हिंदी बोले, माझ्याशी मात्र मराठी. आणि तिची मराठी वऱ्हाडाच्या शेजारची, कानाला ठसकेबाज लागणारी. पथकात सोळा मुली. आंतरशालेय हॉकीच्या सामन्यांत आपल्या शाळेच्या मुलींना उत्तेजन द्यावे, आणि मध्यंतरात चार मिनिटे कवायतीचा खेळ करून दाखवावा, एवढेच त्यांचे काम. सराव सकाळी साडेसहास. क्रीडाशिक्षिका घरच्या अडचणींमुळे रोज येऊ शकत नसत, म्हणून कोणी तरी वडील माणूस मैदानावर असावे या हेतूने मी प्रार्थनापुस्तक घेऊन तेथे जाऊन बसे. पुस्तकापेक्षा मैदानाकडेच लक्ष अधिक जाई, हे सांगणे नलगे.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी. सामना ऐन रंगात आलेला असे, आणि या मुलींची तोंडे प्रेक्षकांकडे, पाठ सामन्याकडे! कप्तान तर सर्वांच्या पुढे. ज्या सामन्यासाठी घसा कोरडा करावयाचा तो तिला दिसतच नाही. एकदा मी विचारले, “अगं, मग गोल झाला हे तुला कळते तरी कसे?”

“लोकायच्या तोंडावरून, फादर,” ती म्हणाली. “गोल व्हायच्या आधीच कळते. आधी बोलणं बंद होते, मंग डोळे मोठे होतात, मंग लोक उठतात.”

“आणि सामना पाहावासा वाटत नाही?”

“मॅच पाहाले सारं भोपाळ आहे. आमी लोकायकडे नाही पाहिलं तर कोन पाहीन?”

वेदीकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून बोलणाऱ्या माणसास हे उत्तर थोडे अंतर्मुख करणारे होते, पण तो विषय निराळा.

तोंडे वाचण्याची ही विद्या तिने कोठून मिळविली कोण जाणे. प्रेक्षक कंटाळले असता ओरडून त्यांना उठविता येत नाही, ते अधिकच चिडतात, हे तिला ठाऊक होते. अशा वेळी ती पथकास गप्प उभे करी, आणि स्वतः नुसत्या टाळ्यांचा ताल धरी. हळूहळू एक बाक टाळ्या देऊ लागे, मग दुसरा. आरोळी त्यानंतर. मैदानावर कोणी पडले की समोरची तोंडे एकदम बदलत. तत्क्षणी तिची उजवी मूठ वर जाई, आणि सोळाच्या सोळा मुली मुक्या होत. पडलेली मुलगी आपली की परक्या शाळेची, याचा विचार नाही. ती उठून उभी राहीपर्यंत मूठ खाली येत नसे. प्रतिपक्षाच्या गोलरक्षक मुलीच्या हातून चूक होऊन गोल झाला तर आपल्या संघाच्या नावाचा गजर होई, त्या बिचारीच्या नावाचा कधी नाही. आपल्याकडे मे महिन्यात गावोगावी क्रिकेटचे सामने होतात. शून्यावर बाद होऊन परतणाऱ्या पाहुण्या फलंदाजास मांडवातून काय काय ऐकावे लागते, ते आपण जाणताच. तेथे आरोळ्या देणारे पुष्कळ असतात, मूठ वर करणारा एकही नसतो.

आरोळीच्या शब्दांविषयीही तिची एक कसोटी होती. नवी आरोळी रचली की ती प्रथम शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींना ऐकवी. दुसऱ्या खेपेस मावशींना ती हातातील झाडू न थांबविता म्हणता आली तर पास, नाहीतर बाद. अकरावीतील एका हुशार मुलीने इंग्रजी यमकांची मोठी सुरेख आरोळी रचून आणली होती. मावशी हसल्या आणि झाडू लागल्या. आरोळी बाद! हुशार मुलगी रुसली. परंतु गोष्ट खरी आहे. आरोळी ही पथकाने म्हणावयाची नसते, प्रेक्षकांकडून म्हणवून घ्यावयाची असते. शेवटचा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो, आणि तो त्यांच्या तोंडून पुरता बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते. नवशिके पुढारी येथेच घाई करतात, आणि लोकांच्या अर्ध्या शब्दावर आपला दुसरा शब्द आदळतात.

घाईवरून मोजणीची गोष्ट आठवली. या खेळातील प्रत्येक हालचाल एक ते आठ या आकड्यांवर बसविलेली असते. आपल्या लेझीमचेही तसेच आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनास सांगलीकडील ४०० जणांनी एकत्र लेझीम खेळून दाखविली. चारशे मनगटे एका झंकारात वाजतात ती सर्वांच्या कानी एकच मोजणी असते म्हणून. मोजणी देण्याचे काम कप्तानचे. सरावात ते सोपे वाटते. पण सामन्याच्या दिवशी काळीज धडधडू लागले की आकडे आपोआप भरभर पडू लागतात, आणि मग पाचव्या आकड्यास वाकावयाची ती वाकण्यापूर्वीच सहाव्यास चढणारी तिच्या अंगावर येते. याकरिता आमची कप्तान मैदानास दोन फेऱ्या धावून येई, आणि धापा टाकीत असतानाच मोजणीचा सराव करी. धाप लागली असताही आकड्यांची चाल बदलता कामा नये. ही युक्ती तिला कोणी शिकविली नव्हती.

आता मनोऱ्याविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढील हकिगत त्याच्याशीच निगडित आहे.

चौघींचा एक गट. दोघी तळाला, समोरासमोर गुडघ्यांत वाकून, वरचीचे पाय आपल्या तळहातांवर घेणाऱ्या. एक वरची. आणि चौथी मागे उभी. वरची मुलगी खांद्याच्या उंचीवर पोहोचली म्हणजे तिचे डोके नऊ-एक फुटांवर जाते. तिने खाली पाहावयाचे नाही, कंबर सैल सोडावयाची नाही, आणि तोल गेलासे वाटले तरी स्वतः उडी घ्यावयाची नाही. तळाच्या दोघींनी तिच्या खालून कदापि सरावयाचे नाही. मागच्या मुलीचे काम एकच: आरंभापासून अखेरपर्यंत वरचीवरून नजर हलवावयाची नाही, हात सदैव वर, आणि पडलीच तर मान व डोके आधी झेलावयाचे. असे तीन गट शेजारी उभे राहून वरच्या तिघींनी हात गुंफले म्हणजे मनोरा पूर्ण होतो. उरलेल्या चौघी रंगीत फिती घेऊन पुढे असतात.

प्रेक्षकांस वरची दिसते. तळाच्या थोड्याफार दिसतात. मागची दिसतच नाही. आमची कप्तान मधल्या गटात मागची होती. आरोळ्यांच्या वेळी सामन्यास पाठमोरी, आणि मनोऱ्याच्या वेळी सर्वांच्या आड! पहिल्या वर्षी तिच्या आईने कौतुकाने काढून घेतलेल्या छायाचित्रात मुलीचा केवळ एक हात आला आहे.

कोणास कोठे उभे करावयाचे हा कप्तानपुढील सर्वांत अप्रिय प्रश्न. वर जावेसे सर्वांनाच वाटते. वजनाने हलकी असणे पुरत नाही. घाबरल्यावर जी ताठ राहते तीच वर चालते, आणि जी आकसते ती चालत नाही. हे दिसण्यावरून ओळखता येत नाही, महिनाभर जमिनीवरच सराव करून पाहावे लागते. तळाच्या मुली उंचीने सारख्या हव्यात. दोन जिवलग मैत्रिणींना समोरासमोर ठेवू नये, असे तिचे मत होते, कारण त्या एकमेकींच्या डोळ्यांत पाहून हसतात. मला हे पटले.

कप्तान झाल्यावर तिची पहिली परीक्षा मैदानावर नव्हे, तर मुलींच्या घरी झाली. पथकाची बातमी पोहोचताच दोन घरांतून मुलींची नावे मागे घेण्यात आली. कारण उघड होते, दूरचित्रवाणीवरील तो नाच. क्रीडाशिक्षिका चिठ्ठी पाठविणार होत्या. कप्तान म्हणाली की चिठ्ठी नको. ती स्वतः सायंकाळी त्या घरी गेली, पथकाचा पोशाख हातात घेऊन: पूर्ण लांबीची विजार, कोपरापर्यंत बाह्यांचा सदरा. एका आईने कापड बोटांत धरून पाहिले आणि विचारले की धुतल्यावर आटते का. ते घर जिंकले. दुसऱ्या घरच्या वडिलांनी पोशाखाकडे पाहिलेही नाही. त्यांनी विचारले, “माझी मुलगी पडली तर?” याला कप्तानने जे उत्तर दिले ते पुढे मला त्या गृहस्थांनीच सांगितले. ती म्हणाली होती, “पडणार नाही असे मी सांगू शकत नाही. पण मागे मी असेन.” त्यांनी मुलीस पाठविले. तीच पुढे मधल्या गटात वर चढू लागली.

“पडली तर?” हा प्रश्न पोकळ नव्हे. आपल्याकडे दहीहंडीचे थर वर्षागणिक वाढत गेले. २०२५ साली ठाण्यात दहा थर लागले. दर वर्षी त्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या रुग्णालयांत हातपाय मोडलेले गोविंदा येतात, हेही वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांस मज्जाव करून उंचीवर वीस फुटांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आले, आणि २०१७ साली वयाची अट चौदा ठरली, उंचीची मर्यादा गेली. अमेरिकेतील शाळांत चीअरलीडर मुलींना दोन माणसांहून उंच मनोरा करू देत नाहीत. कठीण जमिनीवर मुलीस हवेत फेकणेही मना आहे. हे नियम अनुभवाने आले. २००६ साली तेथील एका महाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यात सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या पथकातील एक मुलगी मनोऱ्यावरून सुमारे पंधरा फूट खाली डोक्यावर पडली. मान जखडून स्ट्रेचरवरून तिला नेत असता बँडने विद्यापीठाचे गीत वाजविले, आणि तिने पडल्या पडल्या हातांनी त्या गीताचे हावभाव केले. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुदैवाने ती बरी झाली. तिच्या धैर्याचे कौतुक मीही करतो. परंतु त्या क्षणी तिला थांबवून “बाळ, हात खाली ठेव” असे म्हणणारे कोणी तेथे का नव्हते, हा प्रश्न मला टाळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

स्पेनच्या कातालोनिया प्रांतात संतांच्या सणांच्या दिवशी गावच्या चौकात मानवी मनोरे रचतात. व्हाल्स हे त्याचे मूळ गाव. २०१० साली युनेस्कोने ही परंपरा मानवजातीचा वारसा म्हणून नोंदविली. तेथील दोन गोष्टी कप्तानला मुद्दाम सांगितल्या. पहिली अशी की तळाशी जे शेकडो लोक एकमेकांस रेटून उभे असतात त्यांना वर काय चालले आहे ते दिसत नाही. सनईसारख्या एका वाद्याच्या धुनेवरून मनोरा कोठवर आला ते त्यांना कळते. दुसरी अधिक महत्त्वाची. वरचे मूल शिखरावर पोहोचून हात वर करते तेव्हा मनोरा ‘लागला’ म्हणतात, पण पुरता यशस्वी म्हणत नाहीत. सारे थर शाबूत खाली उतरले तरच यश पूर्ण. उतरताना कोसळला तर कमी प्रतीचा. आपल्याकडे हंडी फुटली की संपले! पुढे गोविंदा कसे खाली येतात इकडे कोण पाहतो?

कप्तानने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवसापासून तिने सरावाची मोजणी बदलली. चढण्यास आठ आकडे होते, उतरण्यास चार. तिने उतरण्यासही आठ केले. मुली कुरकुरल्या, कारण उतरणे हे त्यांना दाखविण्यासारखे वाटत नव्हते.

मग अंतिम सामन्याचा दिवस आला. मध्यंतरात पथकाचा खेळ, आणि त्याच्या अखेरीस मनोरा, असे छापील कार्यक्रमपत्रिकेत होते. प्रमुख पाहुणे म्हणून कोणी एक पदाधिकारी यावयाचे होते. वरची मुलगी पहाटेपासून तयार होती. तिचे वडील, तेच ते प्रश्न विचारणारे, रात्रपाळी करून न झोपता तसेच मैदानावर आले होते आणि पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसले होते.

सामन्यापूर्वी अंग मोकळे करण्याच्या उड्या चालल्या होत्या. मधल्या गटातील तळाची एक मुलगी उडी मारून उतरताना दर वेळी प्रथम डावा पाय टेकीत होती. मी ते पाहत होतो, पण मला त्यात काही दिसले नाही. कप्तानला दिसले. तिने तिला बाजूस घेतले, मोजा काढावयास लावला. उजवा घोटा सुजला होता. आदल्या दिवशी जिन्यावर मुरगळला होता, आणि तिने घरीदारी कोणासच सांगितले नव्हते.

कप्तान सरळ क्रीडाशिक्षिकेकडे गेली आणि म्हणाली की आज मनोरा लागणार नाही. शिक्षिका चांगल्या बाई आहेत, पण त्यांच्यावरही दडपण होते. पत्रिका छापली आहे, पाहुणे येऊन बसले आहेत. मधला गट वगळून दोनच करा. कप्तान म्हणाली की वरच्या तिघींचे हात गुंफलेले असतात, मधली नसेल तर कडेच्या दोघींचा तोल निराळा होतो, आणि तसा सराव झालेला नाही. मग फितीवाल्या मुलींपैकी एकीस तळाला घ्या. ती चार बोटे बुटकी आहे. बरे, त्या मुलीलाच विचारू. मुलगी रडत म्हणाली, “दुखत नाही, मी करते.” तेवढ्यात आयोजकांपैकी एक सद्गृहस्थ आले आणि हसत म्हणाले, “अहो, पाच सेकंदांचा तर प्रश्न आहे!”

कप्तानने माझ्याकडे पाहिले. मी काहीही बोललो नाही. निर्णय तिच्या अखत्यारातील होता, आणि माझ्या झग्याचे वजन तिच्या बाजूस टाकले असते तर तो माझा झाला असता. ती शिक्षिकेस म्हणाली, “मॅडम, वाटल्यास मला काढा. मी मागे उभी राहणार नाही, आणि मी नसेन तर कोणी वर चढणार नाही.” आवाज चढला नव्हता. कानशिले मात्र लाल झाली होती.

मनोरा झाला नाही. पंधरा मुलींनी जमिनीवरचाच खेळ केला. सुजलेल्या पायाची मुलगी कडेस बसून ताशा वाजवीत होती. लोकांनी टाळ्या दिल्या, माफक. पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. वरची मुलगी फिती हलविताना रडत होती, आणि तिच्या वडिलांनी हातातील मोबाइल खिशात ठेवून दिला. हॉकीच्या मुली त्या दिवशी जिंकल्या, म्हणून पुष्कळांना मध्यंतराचे विस्मरणही झाले. पण पथकात ते कोणी विसरले नाही.

कारण डॉक्टरांनी पाय पाहिला तेव्हा तो साधा मुरगळलेला निघाला. हाड शाबूत. आठ दिवस विश्रांती, बस! “एवढ्यासाठी?” असे मुली म्हणाल्या, त्यांच्या आया म्हणाल्या. थर लागला असता तर कोसळलाच असता, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. कदाचित पाच सेकंद तो उभाही राहिला असता. आणि ज्या पुढाऱ्याने अपघात टाळला त्याच्या हाती दाखविण्यास काही नसते. जे घडले नाही त्याचे छायाचित्र निघत नाही. वरची मुलगी अकरा दिवस कप्तानशी बोलली नाही. मी मोजले, कारण रोज सकाळी ते माझ्यासमोरच चाले. मोजणी ऐकावयाची, चढावयाचे, उतरावयाचे, आणि तोंड फिरवून पाण्याच्या नळाकडे जावयाचे. कप्तानने समजूत घातली नाही. ती मागे हात वर करून उभी राही, आणि नजर वर.

तिला खरी टोचणी निराळीच होती. एके दिवशी सराव संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “फादर, तिनं मले सांगितलं काऊन नाही?”

मी म्हटले, “तूच विचार तिला.”

तिने विचारले. उत्तर सरळ होते. सांगितले असते तर जागा गेली असती. मागील वर्षी एका मुलीने मनगट दुखते म्हणून सांगितले, तिच्या जागी दुसरी आली, आणि मनगट बरे झाल्यावरही ती दुसरीच कायम राहिली. हे सर्वांच्या लक्षात होते. म्हणून दुखणी लपविण्याची रीतच पडली होती. गुडघे, पाठी, ताप, सारे काही मोज्यांखाली आणि पावडरीखाली जात होते. कप्तान मागे उभी राहून वर पाहत होती, आणि खाली काय चालले आहे ते तिला कळू नये अशी व्यवस्था आपोआप झाली होती.

तिने शिक्षिकेशी बोलून दोन गोष्टी केल्या. तळाच्या प्रत्येक जागेसाठी उंची जुळवून एक जादा मुलगी तयार केली, आणि तिचाही सराव आठवड्यातून दोन दिवस मनोऱ्यातच घेतला. दुसरे, साऱ्यांसमोर सांगितले की जी आपले दुखणे आपण होऊन सांगेल तिची जागा बरी होईपर्यंत तिचीच राहील. जिचे कप्तानला शोधावे लागेल तिची जाईल. घोटा मुरगळलेल्या मुलीची जागा मात्र तिने काढली नाही, कारण तेव्हा नियम नव्हता. या भेदावर दोघी-तिघींनी वाद घातला. कप्तानने तो ऐकून घेतला आणि निर्णय बदलला नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिघींनी दुखणी सांगितली. एकीचा गुडघा, एकीची पाठ, आणि एकीचे पोट. पोटवाली, माझ्या अंदाजाने, सकाळी साडेसहाच्या थंडीस कंटाळली होती. कप्तानने तिचीही जागा राखली.